लिंबाजीमामा आणि पोटातले गडी

मामा गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर कळलं. लातूरहून निघालेली बस तिथं चहापाण्याला थांबली होती आणि मी खिडकीशी बसून मामांना काय सांगायचं, कुठल्या शब्दात सांगायचं याची मनातल्या मनात उजळणी करत होते. तीन आठवडे मी ते सांगणं पुढं ढकलत आले होते. दर शनिवारी उद्या निघायचं ठरवायचे आणि दर रविवारी कॉलेजचं काहीतरी काम आडवं यायचं, किंवा खरं सांगायचं तर मीच ते आडवं घालायचे. फोन मामीचा होता. "बाई, कुठवर आलीस?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, मांजरसुंब्याला आहे. ती म्हणाली, "ये मग. आता काय घाई न्हाई." मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता मामांच्या डोळ्यांत बघून ते बोलावं लागणार नव्हतं. दुःख नंतर आलं, बीडच्या स्टँडवर वडवणीची गाडी शोधताना. तेव्हा मी पाटीवरची अक्षरं दोन-तीनदा वाचली तरी मला ती लागेनात, शेवटी कंडक्टरनंच हाताला धरून गाडीत बसवलं.

लिंबाजीमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. वडवणीपासून आत, खडकाळ माळाच्या कडेला त्यांचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन आणि वाडवडिलांपासूनची मेंढरं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण माणूस विलक्षण चौकस. मी औषधनिर्माण कॉलेजात वनस्पतींच्या औषधांचा विषय शिकवते, हे घरात बाकीच्यांना 'लेक मास्तरीण हाय' इतकंच माहीत. मामांना मात्र दरवेळी विचारल्याशिवाय राहवायचं नाही. "या खेपेला काय शिकवलंस गं पोरान्ला?" आणि मी सांगायला लागले की उकिडवे बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायचे. मधेच हात वर करून थांबवायचे. "हे न्हाई कळलं. पुन्यांदा सांग." माझ्या वर्गात इतक्या वर्षांत असा एक विद्यार्थी मला मिळालेला नाही, आणि मिळू नये असंही आता कधीकधी वाटतं.

मी नोकरीला नवीन होते तेव्हाची गोष्ट. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस उलटला होता. हातापायांनी धड असलेली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली, गुरं चारा छावणीत गेली आणि गावातल्या दूध संकलन केंद्राला कुलूप लागलं. त्याच सुमाराला मी एका प्रशिक्षणासाठी कच्छात गेलते... बघा, मामांबद्दल लिहायला बसलं की त्यांची बोली हाताला येते. तर तिकडून येताना मी सोनामुखीचं बी आणलं. पोट साफ करणारी म्हणून जी सगळ्यांना माहीत असते तीच सोनामुखी. पाणी फारसं मागत नाही, हलक्या जमिनीत येते आणि पान विकलं जातं. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला तो मेंढरांवर. रोपं वीतभर झाल्यावर त्यांनी कळपातली सगळ्यांत हावरट मेंढी आणून त्यांच्यापुढं उभी केली. तिनं हुंगलं, तोंड फिरवलं. "दुष्काळात बी मेंढरानं सोडलं," मामा म्हणाले, "म्हंजी पाल्यात दम हाय."

मग त्यांनी मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायकांना गोळा करून सोनामुखी उत्पादकांची सहकारी संस्था काढली. आमच्याकडं कारखान्याचा चेअरमन असतो, दूध संघाचा चेअरमन असतो, त्यांच्या गाड्या असतात आणि कडक इस्त्रीचे कपडे असतात. आमचे मामा मुंडासं बांधून, घोंगडी खांद्यावर टाकून फिरणारे चेअरमन. गावानं संस्थेचं बारसं 'जुलाबाची सोसायटी' असं केलं. एकदा तालुक्याच्या सभेत साखर कारखान्याच्या कुणा संचालकानं चारचौघांत त्यांची टर उडवली. म्हणाला, "काय चेअरमन, तुमच्या मालाला उठाव आहे का?" मामा शांतपणे म्हणाले, "लई हाय, सायेब. माणसाला बसू देत न्हाई." सभा आडवी झाली म्हणतात. पानं सावलीत वाळवावी लागतात, उन्हात टाकली की पिवळी पडतात. म्हणून मामांनी दूध केंद्राचं कुलूप उघडून घेतलं आणि जिथं कॅन लागायचे तिथं चादरी अंथरल्या. त्या खोलीत आंबूस दुधाचा आणि हिरव्या पानांचा मिळून एक चमत्कारिक वास यायचा, तो मला अजून आठवतो.

त्या पहिल्या हंगामात एक घोटाळा झाला. संस्थेच्या एका सभासदानं संध्याकाळी सोनामुखीचा काढा घेतला. दोन तास झाले, काही नाही. पुन्हा घेतला. तरी काही नाही. मग चिडून राहिलेला सगळा पिऊन टाकला. पहाटेपासून तो जो माळाच्या दिशेला लागला तो दुपारपर्यंत परतला नाही, आणि तेही टँकरच्या पाण्याच्या दिवसांत. त्याची बायको सोसायटीच्या दारात येऊन मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. मी त्या आठवड्यात गेले तेव्हा मामा प्रश्न घेऊनच बसले होते. "पान पोटात गेलं की लगेच लागू कावून होत न्हाई? रातभर कुठं बसतंय ते?"

मी त्यांना सांगितलं ते असं. पानातला गुणकारी पदार्थ साखरेला जखडलेला असतो. जठरातल्या आम्लाला ती गाठ सुटत नाही, लहान आतड्यालाही सुटत नाही. तसाच बांधलेला तो पार मोठ्या आतड्यापर्यंत खाली उतरतो. तिथं जिवाणूंची वस्ती असते. ते ती साखर तोडून खातात, उरलेल्या भागाचं रूप पालटतात, आणि मग जो मोकळा होतो तो पदार्थ आतड्याला डिवचतो. या सगळ्याला आठ-दहा तास लागतात. म्हणजे औषध पानात अर्धंच असतं, ते पुरं होतं आपल्या पोटात.  मामा एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी मेंढरावानीच हाय की!" आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मेंढीचा रवंथ बंद पडला, पोट फुगलं की त्यांचे वडील एका चांगल्या मेंढीच्या तोंडातला रवंथाचा घास बोटानं काढायचे आणि दुखणाईत मेंढीच्या घशात सारायचे. दोन दिवसांत ती चरायला लागायची. "कावून लागायची ते म्हाताऱ्याला बी ठाव नव्हतं, मला बी न्हाई. आज कळलं बघ. तिच्या पोटातले गडी गेलेले असायचे. दुसरीचे उसने आणून सोडायचे, दुसरं काय?"

जिवाणूंना गडी म्हणणं तेव्हापासून सुरू झालं. मामा संस्थेच्या बैठकीत, बाजाराच्या दिवशी वडवणीत, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा सांगायचे की आपल्या पोटात गडी असतेत, पान नुसतं जातंय, कामं ते करतेत, म्हणून धीर धरायचा. पुडीवर छापायचा मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. 'रात्री घ्यावे, सकाळपर्यंत धीर धरावा' हे मामांचं. त्याच्या खालचं वाक्य माझं, आणि ते मी हट्टानं छापायला लावलं होतं: पोटात दुखत असल्यास किंवा अडथळ्याची शंका असल्यास घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

पुढं पाऊस सुरळीत झाला, लोक कापसाकडं वळले, संस्था नावापुरती उरली. मामांनी मात्र दोन वाफे राखले होते आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा काढा ठरलेला. मामी चिडवायची, "चेरमन आज बैठकीला बसणार." आमच्या दोघांच्या नात्यात ही सोनामुखी मुरलेली होती. इतर भाच्या मामांच्या घरून साडी-चोळी घेऊन जातात, मी पोटाच्या गोष्टी घेऊन जायचे.

गेल्या वर्षी पुन्हा पाऊस कमी झाला. मेंढरांसाठी बाभळीचा पाला तोडताना मामांच्या पायात काटा मोडला, पाय सुजला, पू झाला. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं आणि जबरी गोळ्या दिल्या. पाय बरा झाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. "बाई, आतले गडी संपावर गेलेत. दोन शनवार काढा घेतला, काय सुदिक झालं न्हाई." मी विचारलं, गोळ्या कसल्या होत्या? त्यांनी पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर जोडून वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "संपावर न्हाईत मामा, मेलेत बिचारे," मी हसून म्हणाले. जंतू मारायच्या गोळ्यांनी पोटातले चांगले जिवाणूही मरतात, मग पानातली गाठ सोडवायला कुणी उरत नाही, म्हणून काढा लागू होत नाही. पुस्तकात आहे हे. मी दरवर्षी शिकवते. "मग आता?" मामांनी विचारलं. "आता थांबायचं. ताक प्या, भाकरी खा. दोन-तीन आठवड्यांत नवे येतील." मामा म्हणाले, "थांबतो की. थांबायला काय लागतंय!" फोन ठेवताना आम्ही दोघंही खूश होतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझ्या मामांच्या पोटाचं उदाहरण दिलं. मुलं हसली. मीही हसले.

मी सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता. गोळ्यांनी तसं होतं. पण बासष्ट वर्षांच्या माणसाचं पोट अचानक साफ होईनासं झालं तर आणखीही काही असू शकतं, हे मी त्यांना विचारलं नाही. शौचाला रक्त पडतं का, वजन उतरलंय का, पोटात कळ येते का... तीन प्रश्न होते, ते मी परीक्षेत विद्यार्थ्यांना विचारते. मामांना विचारले नाहीत, कारण माझ्याकडं उत्तर तयार होतं आणि ते फार देखणं होतं.

तीन आठवड्यांनी मामा म्हणाले, चार दिवस रोज पातळ होतंय. "आले बघा गडी!" मी म्हटलं. आज मला माहीत आहे की वाट अडलेली असली की कडेनं पातळ तेवढं झिरपतं. नंतर पुन्हा बंद झालं. एका दुपारी मामीनं त्यांच्या हातातला फोन घेतला. "बाई, लई बारीक झालेत गं. धोतर कंबरेला ठरंना. मी म्हणते बीडला दाखवू. माजं ऐकत न्हाईत, तुजं ऐकतेत. तू सांग." आणि मी मामीला काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मामी, घाई करू नका. दुष्काळाचं खाणं आहे, वय आहे, वजन उतरणारच. आणखी आठ दिवस बघू." आठाचे वीस झाले. मामांनी मला न सांगता काढा दुप्पट केला होता, गडी कमी असतील तर माल जास्त घालून बघू या हिशेबानं. एका सकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या आणि शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून बीडला नेलं. मोठ्या आतड्यात गाठ होती. ती वाट बंद करून बसली होती आणि यकृतापर्यंत पोचली होती.

मी डॉक्टरांना विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित." त्यांनी तो 'कदाचित' दयेपोटी म्हटला की खरंच तसं होतं, मला अजून कळलेलं नाही. मी या शब्दाची दोन्ही टोकं धरून कित्येकदा ओढून पाहिली आहेत.

मामा जिवंत असताना मी त्यांना शेवटची भेटले ती ते जाण्याच्या तीन आठवडे आधी. बाजेवर पडले होते, ऑपरेशन करून शौचासाठी पोटावर पिशवी लावलेली, अंगावर काही उरलं नव्हतं. मामी बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार.  मामा म्हणाले, "बाई, आता माल बाहीरच्या बाहीर पिशवीत येतोय. मग खालच्या अंगाला जे गडी राहिले, त्यांचं काय होत असंल गं? उपाशी मरत असतील का?" ते खरोखर विचारत होते. डोळ्यांत तोच जुना चौकसपणा होता. मी म्हणाले, "थोडे राहतात, मामा." "व्हय का? चिवट हायेत म्हण की," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी तिथंच बोलायला हवं होतं. मामा, मी चुकले, एवढंच वाक्य. मी पांघरूण सारखं केलं आणि बस पकडली...

तेराव्यानंतरच्या सकाळी मी परत निघायच्या तयारीत होते तेव्हा कौसाबाई आली. ही मामांच्या आळीतली म्हातारी, संस्थेत पानं निवडायला असायची. पायरीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक इचारायचं व्हतं. खोकल्याच्या गोळ्या खाल्ल्या अन् तवापसून पोट साफ न्हाई. धा-बारा दिस झाले. चेरमन सांगून गेलेत की गोळ्यांनी आतले गडी मरतेत, तवा धीर धरायचा. म्हून धरला. पर अजून किती दिस धरू, ते तुला ठाव आसंल."

मी उभीच राहिले. मामांनी जे चारचौघांत सांगितलं होतं ते गावभर पसरलेलं होतं, कौसाबाईच्या पोटापर्यंत. मी म्हटलं, "धरायचा नाही. आज, आत्ता दवाखान्यात चल." ती गडबडली. "पर चेरमन तर म्हणायचे..." "चेअरमनला ते मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी चुकले, कौसाबाई. मामांच्या पोटात गाठ होती आणि मी त्यांना थांबा, थांबा म्हणत बसले. मामी दवाखान्यात न्यायचं म्हणत होती, तिलाही मीच थांबवलं."

मामी उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार, आणि लावलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर पदर होता आणि हातात दवाखान्याची ती मोठी प्लॅस्टिकची पिशवी होती, एक्स-रेचे फोटो आणि कागद ठेवायची. इतरांच्या पिशव्यांत मिसळू नये म्हणून मामांनी तिच्यावर पेनानं लिहून ठेवलं होतं, 'लिंबाजी चेरमन'. मामीनं आतले कागद काढून घेतले नव्हते. "चला," ती म्हणाली. "कुठल्या खिडकीवर चिठ्ठी काढायची, कुठल्या दाराला बसायचं, मला ठाव हाय."

बीडच्या दवाखान्यात तिनंच आम्हाला नेलं. चिठ्ठी काढली, रांगेत कौसाबाईला पुढं घातलं, पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखवलं. मी मागं चालत होते. कौसाबाईबरोबर मी आत गेले, मामी बाहेर बाकावर बसली. तरुण डॉक्टरीण होती. तिनं कौसाबाईला टेबलावर झोपवून हातानं पोट दाबून पाहिलं, हातमोजा घालून तपासलं, रक्त पडतं का, वजन उतरलंय का, कळ येते का असे प्रश्न विचारले, एक फोटो काढायला लावला आणि तो उजेडावर धरून बघितला. "गाठबिठ काही नाही, आजी. पाणी किती पिता?" कौसाबाई म्हणाली, "टँकर तिसऱ्या दिशी येतोय, बाई. पोरासोरान्ला पुरंना, म्हातारीनं किती प्यावं?" डॉक्टरणीनं एक पूड लिहून दिली आणि पाणी प्यायला सांगितलं.

बाहेर आलो. मामी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी धरून. कौसाबाईनं हसत हसत सांगितलं, काय निघालं न्हाई म्हणून. मामीनं तिच्याकडं बघून मान हलवली. मग माझ्याकडं वळली.

"झालं समदं?"

"झालं."

तिनं समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तिला घड्याळ कळत नाही, तरी पाहिलं. "लगीच आलात की बाहीर," ती म्हणाली. "पोट दाबून बघितलं, इचारलं, अन् झालं?"

"हो."

"एवढंच असतंय व्हय, बाई?"

मामा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडं शास्त्रातली शंभर उत्तरं होती, 'कदाचित'ही होतं. मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "हो मामी. एवढंच असतं."